घोडी बैलासारखी बांधू नका



आज सोयाबीन-कपाशी नाही. ज्यांच्या गोठ्यात वरातीची घोडी आहे, त्यांच्यासाठी हा मेसेज आहे. तुमच्याकडे नसेल तर गावातल्या घोडीवाल्याला पुढे पाठवा.

आषाढी एकादशीला लग्नाचे मुहूर्त थांबतात, ते तुळशीच्या लग्नापर्यंत. या चार महिन्यांत घोडीला काम नाही आणि आपल्याला निंदण-डवरणी, फवारणीतून फुरसत नाही. मग घोडी आगाडी-पिछाडी लावून दावणीला. पुढे हरभऱ्याची चंदी, पायाखाली ओल. काही दिवसांत मागचे दोन्ही पाय घोट्याजवळ भरलेले दिसतात. मग कोणी म्हणतं वात आहे, कोणी म्हणतं डाग द्या, कोणी मेडिकलमधून इंजेक्शन आणतं.

माझं मत स्पष्ट आहे. अशा बहुतेक घोड्यांना औषध नको, चालणं हवं. आपण घोडी बैलाच्या हिशोबानं बांधतो, तिथंच चुकतं. बैल दावणीला बसतो, रवंथ करतो, पायांना आराम देतो. घोडी दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते, डुलकीसुद्धा उभ्यानं काढते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतं. पाऊल टेकलं की टापेवर दाब येतो आणि त्या दाबानं खालचं रक्त-पाणी वर ढकललं जातं. घोडी चाललीच नाही तर ते पाणी पायातच साचतं. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे. जुन्या माणसांनी हे कोड्यातच सांगून ठेवलंय.

*आधी सूज ओळखा*

दोन्ही मागचे पाय (कधी चारही) सारखे सुजलेत, हाताला गार लागतात, बोट दाबलं तर खळगा पडतो, घोडी लंगडत नाही, चारा नीट खाते. अर्धा तास हळूहळू फिरवली की सूज बरीच उतरते. ही उभं राहून आलेली सूज.

पण *एकच पाय* सुजला, गरम लागतो, हात लावू देत नाही, लंगडते किंवा ताप आहे, तर फिरवत बसू नका. घोडीचं नेहमीचं तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट असतं. चिखल-मुतात उभं राहून टापेवरची कातडी फाटते, तिथून जंतू आत शिरतात. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. टोल फ्री क्रमांक १९६२ वर फोन करता येतो.

पायावर ओळीनं गाठी येऊन फुटत असतील किंवा नाकातून घट्ट शेंबूड येत असेल, तर ग्लँडर्सची शंका धरा. हा रोग माणसालाही होतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रातल्या घोड्यांत आढळला होता. असं जनावर वेगळं बांधा, गाठींना उघड्या हातानं शिवू नका आणि सरकारी दवाखान्याला लगेच कळवा. कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. सारंगखेड्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातून घोडी आणणार असाल तर ग्लँडर्स तपासणीचा दाखला पाहूनच पैसे मोजा.

*साध्या सुजेला काय करायचं*

१. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवा. शेतात वाफसा नसेल तर रस्त्याच्या कडेनं, पण लगाम हातात धरून.
२. पिछाडी सोडा. जागा असेल तर बांबूचं कुंपण करून आत मोकळी ठेवा.
३. काम बंद तर चंदी कमी, वाळलं गवत-कडबा जास्त. बसून राहिलेल्या घोडीला भरपूर चंदी दिली तर टापांचा दाह होऊन ती कायमची अधू होऊ शकते.
४. खाली कोरडं ठेवा. टापा रोज साफ करा.
५. डाग देऊ नका. चिंधी आवळून बांधू नका. विचारल्याशिवाय इंजेक्शन नको. सूज दोन दिवस दबते, पण कारण तसंच राहतं.

तुम्ही म्हणाल, हंगामात फिरवायला माणूस कुठून आणायचा? खरी अडचण आहे. पण हिशोब करा. तुळशीचं लग्न झालं की हीच घोडी बँडपुढे डांबरी रस्त्यावर तासन् तास नाचणार आहे. चार महिने बसलेल्या, पाय भरलेल्या घोडीला एकदम तिथं उभी केली आणि ती ऐन मुहूर्तात लंगडली, तर गेलेली सुपारी कोण भरून देणार? एका गावात दोन-तीन घोड्या असतील तर पाळी लावा. आज तुम्ही, उद्या शेजारी. एखाद्याची पडीक जमीन असेल तर तिथंच सामाईक कुंपण करा. खर्च बांबूचा आणि एका दिवसाच्या मेहनतीचा.

घोडी चार महिने कमावते आणि बारा महिने खाते, अशी तक्रार आपण करतो. तिचे पायही बारा महिने सांभाळावे लागतात. आज संध्याकाळी धार काढून झाली की घोडीच्या मागच्या पायावर हात फिरवून पाहा. गार की गरम, एक की दोन, एवढं पाहिलं तरी पुढं काय करायचं ते कळेल.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. बुलढाणा