कशाचे टक्के?

बी.कॉम. झालेल्या माणसाने वैद्यकशास्त्राबद्दल तोंड उघडू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. "अहो, तुम्ही आपल्या नोटा मोजा!" पण सध्या गल्लोगल्ली 'संपूर्ण शरीर तपासणी'चा जो सेल लागला आहे, त्यात वैद्यक थोडे आणि टक्केवारी फार. आणि टक्केवारी हा आमचा प्रांत. टक्के दिसले की 'कशाचे?' म्हणून विचारायचे, हे वीस वर्षांच्या नोकरीत हाडीमाशी भिनले आहे. कर्ज मागायला आलेला गृहस्थ 'धंद्यात शंभर टक्के वाढ' म्हणतो, तेव्हा एका म्हशीच्या दोन झाल्या, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

जाहिरात म्हणते, 'आमची चाचणी ९९ टक्के अचूक.' ठीक. समजा, एखादा आजार हजारात एकाला आहे. आमच्या शाखेतल्या शिपायाला गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसवा आणि येईल त्याला 'साहेब, तुम्ही ठणठणीत' एवढेच म्हणायला सांगा. हजारात ९९९ वेळा निदान बरोबर! अचूकता ९९.९ टक्के. जो एक बिचारा खरा आजारी, तो मात्र चहा पिऊन घरी.

म्हणजे 'अचूक' या एका शब्दात दोन कामे कोंबलेली आहेत : आजाऱ्याला पकडणे आणि निरोग्याला सोडणे. काउंटरवरच्या नोटा तपासणाऱ्या यंत्राचेही तेच. सगळ्या खोट्या नोटा पकडणारे यंत्र बनवणे मुळीच कठीण नाही. प्रत्येक नोटेला ठणाणा करायला लावले की झाले! खातेदार तुम्हाला सोडतील का, हा प्रश्न वेगळा.

आता खरी गंमत. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या इस्पितळांत ६० जणांना एक हिशेब घातला होता. तो १९७८ साली छापून आला. त्यांत विद्यार्थी होते, तसे मुरलेले डॉक्टरही होते. आजार हजारात एकाला. चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. तर रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आलेल्या माणसाला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त जणांनी सांगितले, ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे साधारण २ टक्के. ते ६० पैकी फक्त ११ जणांना आले.

डॉक्टरांना हसू नका. आपणच बोटे मोजू. हजार माणसांची वसाहत घ्या. आजारी एक, तो सापडला असे धरू. उरले ९९९. त्यांचे ५ टक्के म्हणजे जवळजवळ ५०. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यांत खरा १. बाकीच्या पन्नास घरांत त्या रात्री जेवण जात नाही. कुणी विम्याचे कागद शोधतो, कुणी परदेशातल्या मुलाला फोन लावतो.

आमच्या हेडकॅशियरांचे असेच झाले. धडधाकट माणूस, पण सवलत दिसली म्हणून पॅकेज घेतले. रिपोर्टात एका आकड्यापुढे चांदणी उमटली. त्या चांदणीपायी आणखी तीन तपासण्या, दोन तज्ज्ञ आणि पाच आठवड्यांची झोप गेली. शेवटी निष्पन्न काय? काही नाही! एक रुपया जुळेना तर रात्री आठपर्यंत बसणारा हा माणूस त्या महिन्यात दोनदा बेरीज चुकला.

चांदणीचेही गणित आहे. 'नॉर्मल'च्या मर्यादा सहसा अशा आखतात की, शंभर निरोग्यांतले पंचाण्णव आत बसावेत. म्हणजे पाच निरोगी बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या करा. ठणठणीत माणसाच्या एका तरी आकड्याला चांदणी लागण्याची शक्यता ६४ टक्के! चक्रवाढ व्याज येणाऱ्या कुणीही ताडून पाहावे. आणि पॅकेजवाले अभिमानाने सांगतात, 'इतक्याच पैशांत आणखी वीस तपासण्या!'

तर मग तपासण्या करूच नयेत? असे मी कुठे म्हणालो? रक्तदाब आणि साखर पाहावीच. हे आजार आपल्याकडे घरोघरी आहेत आणि त्यांवर औषध आहे. डॉक्टरांनी नाडी पाहून, लक्षणे विचारून लिहून दिलेली तपासणीही टाळू नये. तशा संशयित हजारांत ३०० खरे आजारी असतील, तर वरचीच चाचणी ३०० खरे पकडील आणि ७०० निरोग्यांतले ३५ खोटे. म्हणजे पॉझिटिव्हपैकी जवळजवळ ९० टक्के खरे! यंत्र तेच, चूक तेवढीच. पण २ चे ९० झाले. ही करामत आधी माणूस पाहणाऱ्या डॉक्टरांची.

आणि सरसकट विश्वासही ठेवू नये. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखणाऱ्या चाचण्या आपल्या देशात राजरोस विकल्या जात होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नका म्हणून सांगितले, २०१२ साली सरकारने बंदी घातली. तोवर किती जणांनी नसलेल्या क्षयाची औषधे गिळली असतील आणि किती खऱ्या रोग्यांना 'काही नाही' म्हणून परत धाडले असेल!

म्हणून माझे मागणे एवढेच. आम्हाला कर्जाच्या कागदावर वार्षिक व्याजदर छापावा लागतो. तशी जाहिरातीत आणि रिपोर्टखाली एक ओळ छापा : 'लक्षणे नसलेल्या हजारांत इतके पॉझिटिव्ह येतात; त्यांतले खरे इतके.' छापीत नसतील, तर पैसे भरण्यापूर्वी तुम्ही विचारा. काउंटरवरची मुलगी गोंधळेल. गोंधळू द्या. ती आत विचारायला जाईल, आणि प्रश्न तिथेच पोचायला हवा आहे.