ज्युरीचे समन्स आणि नर्सिंगची हजेरी

अमेरिकेत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या पत्त्यावर न्यायालयाचे पाकीट येते. अमुक दिवशी सकाळी ज्युरीच्या कामासाठी हजर राहावे, न आल्यास दंड होईल, असा त्यात मजकूर असतो. नेमकी त्याच आठवड्यात तिची रुग्णालयातली वॉर्डची पाळी लागलेली असते. ते पाकीट पोचवणारा पोस्टमन आपल्याच व्यवसायातला. कायम नोकरीतल्या त्या पोस्टमनला स्वतःला असे समन्स आले, तर त्याला पगारी ‘कोर्ट रजा’ मिळते. त्या मुलीला आले तर तिचे सत्र धोक्यात येते. समन्स एकच, कर्तव्यही एकच. मग एकाला पगार आणि दुसरीला धास्ती, असे का?

सातासमुद्रापलीकडची ही अडचण आपल्या पानांत कशाला, असे कोणी विचारील. आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली आज तिकडे शिकतात, नोकऱ्या करतात, काही तिथले नागरिक झाले आहेत, हे एक कारण. दुसरे कारण असे की ज्युरीत कोण बसतो याची किंमत मुंबईच्या कामगारांनी फार पूर्वी मोजली आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन होते आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्या ज्युरीत गिरणीतला एक जॉबर किंवा रेल्वेतला एक फिटर असता तर? उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावे.

आपल्याकडे पुढे १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. ज्युरी बंद करावी ही शिफारस विधी आयोगाने त्याआधीच, १९५८ साली केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. अमेरिकेत मात्र ती जोरात चालू आहे.

तिथे मतदार याद्या आणि बहुतेक ठिकाणी वाहन परवान्यांच्या याद्या यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी नावे काढतात. परवाना काढलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या नावेही त्यामुळे पाकीट येते. आपल्या मुलांसाठी इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. ज्युरीत फक्त नागरिकाला बसता येते. व्हिसावर असलेल्याने किंवा ग्रीनकार्डवाल्याने ‘मी नागरिक नाही’ असे त्या प्रश्नावलीत खरे लिहून ती वेळेत परत पाठवावी. ‘जाऊ दे, एक दिवस बसून येऊ’ असे म्हणून स्वतःला नागरिक म्हणवून घेतले, तर पुढे इमिग्रेशनच्या वेळी ते महागात पडते.

नागरिक असलेल्या मुलीला मात्र जावे लागते. केंद्रीय न्यायालयाच्या समन्सकडे विनाकारण दुर्लक्ष केले तर १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. आणि मोबदला? केंद्रीय न्यायालयात दिवसाला ५० डॉलर. टेक्सास राज्याने २०२३ साली वाढ केली, ती पहिल्या दिवसाला २० आणि नंतर ५८ डॉलर इतकी. तिथल्या महागाईत हा पैसा किती दिवस पुरेल? संध्याकाळी हॉटेलात किंवा दुकानात अर्धवेळ काम करून फी भरणारीचे तर दोन्हीकडून नुकसान.

आपल्या क्षेत्रातल्या तिथल्या कामगारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून घेतला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ज्युरीसाठी पगारी रजा कायद्यानेच आहे. टपाल खात्यातल्या कायम कर्मचाऱ्यांना ती करारातून मिळाली. रेल्वे संघटनांच्या राष्ट्रीय करारांत ज्युरीमुळे बुडालेल्या वेळेचे वेतन आहे: दिवसाला जास्तीत जास्त एका मूळ दिवसाचे, त्यातून न्यायालयाचा भत्ता वजा, वर्षात साठ दिवसांची मर्यादा. वाटाघाटीच्या टेबलावर कोणीतरी हा मुद्दा नेटाने लावून धरला, म्हणूनच तो कागदावर आला. ज्युरीला गेला म्हणून कायम नोकराला कामावरून काढता येणार नाही, असे केंद्रीय कायदाही सांगतो.

पण कायद्यातला तो शब्द ‘मालक’ असा आहे. नर्सिंग कॉलेज हे विद्यार्थिनीचे मालक नव्हे. ती दिवसभर वॉर्डात उभी असते, रुग्णाचे बेड करते, ताप-नाडी टिपते, औषधाच्या वेळा सांभाळते. कागदोपत्री मात्र ती कामगार नाही. वर्गातले व्याख्यान बुडाले तर मैत्रिणीची वही मागून भागते. वॉर्डची पाळी बुडाली तर ती भरूनच काढावी लागते, आणि त्यासाठी रुग्णालयात जागा हवी, शिकवणारी बाई हवी. दोन-तीन पाळ्या बुडाल्या आणि भरून काढायला जागा मिळाली नाही, तर तो विषय पुन्हा लागेपर्यंत थांबणे आले. तेवढ्याने परवाना परीक्षा लांबते, नोकरी लांबते, कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही.

मग तिने काय करावे? पाकीट आल्या दिवशी उघडावे आणि सोबतचा अर्ज भरावा. तारीख पुढे ढकलण्याची सोय बहुतेक न्यायालयांत असते. ‘मला जमत नाही’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा ‘सत्र अमुक तारखेला संपते, त्यानंतरच्या सुटीत मी येऊ शकते’ असे लिहिणाऱ्याचे काम लवकर होते. कॉलेजचे पत्र जोडावे, त्यात वॉर्डच्या पाळ्यांच्या तारखा असाव्यात. केंद्रीय न्यायालयात ‘अवाजवी त्रास किंवा आत्यंतिक गैरसोय’ या कारणावरून तात्पुरती सूट मागता येते. खोटे आजारपण दाखवू नये आणि आपण पूर्वग्रहदूषित आहोत असे सोंगही आणू नये. प्रश्न न्यायाधीशांसमोर विचारले जातात.

राज्याराज्यांत फरक आहे आणि त्यातच खरा वाद आहे. टेक्सासमध्ये उच्च शिक्षण संस्थेत प्रत्यक्ष शिकत असलेल्याला सूट मागता येते. मॅसॅच्युसेट्समध्ये विद्यार्थ्याला सूट नाही, डॉक्टरलाही नाही; पण तारीख वर्षभरापर्यंत पुढे नेता येते, आणि एक दिवस किंवा एक खटला झाला की त्या फेरीतून सुटका. नोकरदाराचे पहिले तीन दिवसांचे वेतन मालकाने द्यायचे, पुढे सरकार दिवसाला ५० डॉलर देते. विद्यार्थिनीच्या बापाला टेक्सास आवडेल. मला मॅसॅच्युसेट्सची रीत जास्त पटते. सरसकट सूट दिली की विद्यार्थी गळतात, रोजंदारीवाले त्रास सांगून गळतात, लहान मुलांच्या आया गळतात. उरतात ते निवृत्त आणि भरपगारी लोक. रात्रपाळी म्हणजे काय, वीस रुग्णांमागे एक नर्स म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस त्या बाकावर हवा की नको? रुग्णालयाच्या हलगर्जीपणाच्या दाव्यात तर हवाच (तिथले वकील अशांना वगळायला बघतात, ती गोष्ट वेगळी). तारीख पुढे न्या, पाळी भरून देण्याची जबाबदारी कॉलेजवर टाका, रोजचा भत्ता जगण्यापुरता करा आणि मग तिला बोलवा.

आता आपल्या दारात येऊ. आपल्याकडे ज्युरी नाही, पण साक्षीचे समन्स आहे. फाटकावरच्या अपघाताचा लोको पायलट, डब्यातल्या चोरीचा टी.टी.ई., चेक न वटल्याच्या दाव्यात ‘नोटीस खरोखर बजावली का’ हे सांगणारा पोस्टमन, यांना न्यायालयात जावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेत तर रेल्वे नोकरावरचे समन्स त्याच्या कार्यालय प्रमुखामार्फत बजावण्याची खास तरतूद आहे. कामाच्या संदर्भात साक्ष असेल तर तो वेळ ड्यूटी धरतात. खासगी नात्याने, म्हणजे रस्त्यावरचा अपघात पाहिला म्हणून बोलावले, तर तो वेळ ड्यूटी धरतीलच असे नाही. भुसावळला असताना पाहिलेल्या घटनेसाठी बदलीनंतर खडगपूरहून यावे लागते, आणि आल्यावर कळते की पुढची तारीख पडली.

हे झाले कायम कर्मचाऱ्याचे. ग्रामीण डाक सेवकाला कायम कर्मचाऱ्याचे रजेचे नियम लागू नाहीत. कंत्राटी सफाई कामगाराचा दिवस गेला की मजुरी गेली. कारखान्यातला अप्रेंटिस १९६१ च्या कायद्याने ‘कामगार’ नव्हे, शिकाऊ. अमेरिकेतल्या त्या विद्यार्थिनीचा हा सख्खा भाऊच म्हणायचा. आणि आपल्याच घरातल्या नर्सिंगला गेलेल्या मुलीला परीक्षेला बसण्यासाठी थिअरी व प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के. वॉर्डातल्या मारहाणीची ती साक्षीदार झाली तर तिचे ते दिवस कोणी भरून द्यायचे? मागणीपत्रे तयार करताना कोर्ट रजेचे कलम लिहाल, तेव्हा त्यात शिकाऊ, कंत्राटी आणि डाक सेवक हे तीन शब्द घालायला विसरू नका. आजवर ही कलमे ‘कर्मचारी’ या एका शब्दावर अडली आहेत.

तोपर्यंत समन्स आले तर त्याची प्रत कार्यालयात देऊन पोच घ्या. साक्षीदार हजर असताना सबळ आणि लेखी कारणाशिवाय फौजदारी खटला तहकूब करू नये, असे जुन्या संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. सरकारी वकिलाला ते नम्रपणे सांगा. फौजदारी साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याची तरतूद आहे, तो मागा. आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी न्यायालयाच्या कारकुनाकडून हजेरीचा दाखला घ्या, साक्ष झाली असो वा नसो. मस्टरवर ड्यूटी लागण्यासाठी तोच कागद विचारतात.