वायर कोण उपटणार?

ऑगस्ट २०१८ मधला दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. त्या दुपारी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत होत्या. कार्ड घातलं की एटीएम बँकेच्या स्विचला विचारतं, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी मधेच आपला खोटा स्विच बसवला आणि तो येईल त्याला ‘आहेत, द्या’ म्हणत राहिला. खऱ्या खातेवहीपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. खातेदारांचा रुपयाही कमी झाला नाही, मग बोंब मारणार कोण? सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

पुण्याचं हे दुखणं फैजपूरला कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपला यावल-रावेर पट्टा केळी आणि पतसंस्थांवर चालतो. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले. पतसंस्था मात्र तिच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या. संचालकांच्या सभेत विषय निघतो तो अँटीव्हायरसच्या बिलापुरता. बिल मंजूर, चहा आला, पुढचा विषय. सर्व्हरचा पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याकडे आणि बॅकअपची हार्डडिस्क बऱ्याच ठिकाणी त्याच संगणकाला बारा महिने जोडलेली. खंडणीवाला व्हायरस शिरला, तर मूळ नोंदी आणि बॅकअप दोन्हींना एकदमच कुलूप.

आता केळीकडे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीत घुसला. तिच्याच समूहाच्या ताब्यातलं जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. आपल्या भागातली केळी आखातात जायला रीफर कंटेनरमधून निघते ती याच बंदरातून. त्या व्हायरसने वापरलेलं मुख्य भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती वेळेवर न बसवल्याची किंमत जगभर मोजली गेली. मर्स्कला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळं जाळं परत उभं करायला लागणारी मुख्य नोंद एकाच यंत्रात शाबूत सापडली, घानामधल्या. तिथली वीज नेमकी तेव्हा गेली होती, म्हणून ते जाळ्यापासून तुटलेलं होतं. लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं!

माझ्या मते सुरक्षेतली खरी मेख या तुटलेपणातच आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा देशाचं पेमेंट जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्यातून सरळ तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार थांबले, ग्राहक वैतागले आणि लवकरच सेवा परत सुरू झाली. शहाणपणाचा निर्णय होता. तो घेता आला, कारण तोडायचं कुणी हे तिथे आधीच ठरलेलं होतं.

आपल्या पतसंस्थेत काउंटरवरच्या मुलाला संध्याकाळी चार वाजता पडद्यावर काही विपरीत दिसलं, तर तो आधी साहेबांना फोन लावतो, साहेब चेअरमनला आणि चेअरमनभाऊ लग्नात. तोवर वायर जागेवरच. पुढच्या सभेत दोन ठराव करा: कुणाला न विचारता नेटची वायर उपटायचा अधिकार शाखेतल्या हजर माणसाला, आणि रोजचा बॅकअप झाला की हार्डडिस्क काढून कपाटात. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. तिचा नंबरही भिंतीवर चिकटवा, कॅलेंडरशेजारी.