मातीचा किल्ला

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात. ओली माती वाळताना आकसते व तटाला भेगा पडतात. कधी मावळाच दरवाजाहून उंच ठरतो. अशा वेळी काही मुले खिन्न होऊन सारा किल्लाच मोडून टाकतात. हे शहाणपणाचे नव्हे. चिखलात बारीक वाळू मिसळून भेगा बुजवाव्यात, उंच मावळ्यास बुरुजावर पहारेकरी नेमावे, उतारावर मोहरी पेरावी. थोड्याच दिवसांत हिरवळ उगवते आणि उरलेले व्रण झाकते. निष्काळजीपणा क्षम्य नाही, हे खरे. परंतु निर्दोषतेचा हट्ट धरणाऱ्याचा किल्ला दिवाळी सरली तरी अपुराच राहतो. चूक सुधारणाऱ्याचा किल्ला पुरा होतो, आणि त्याचा पुढील वर्षीचा तट अधिक भक्कम उभा राहतो.