डॉलरच्या नोटेतला कापूस

अमेरिकेतील गमतीजमती हा मराठी वृत्तपत्रांचा जुना खुराक आहे. दर २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातील एका गावी ग्राउंडहॉग नावाचा बिळात राहणारा प्राणी बाहेर काढतात आणि त्याला आपली सावली दिसली की नाही यावरून हिवाळा लांबणार काय, याचे भाकीत करतात. नोव्हेंबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष एका टर्की पक्ष्याला समारंभपूर्वक ‘माफी’ देतात. ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर दहा मिनिटांत कोण किती हॉट डॉग गिळतो याची स्पर्धा भरते. अशा वार्ता अमरावती-अकोल्याच्या चहाच्या टपरीवर चवीने वाचल्या जातात. ‘काय एकेक तऱ्हा!’ म्हणून पान उलटले जाते.

त्याच सदरात शोभेल अशी आणखी एक गंमत सांगतो. डॉलरची नोट साध्या कागदाची नसते. तिच्यात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन असते. वऱ्हाडच्या वाचकाने मात्र येथे पान उलटू नये. डॉलरचा आणि कापसाचा हा संबंध नोटेपुरता असता तर तो गमतीचा विषय ठरला असता. वऱ्हाडच्या दृष्टीने तो दीडशे वर्षांहून अधिक काळ पोटापाण्याचा विषय आहे. ज्या देशाच्या निर्णयांवर अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या बाजारातील भाव हलतो, त्या देशाकडे आपण सर्कशीच्या तंबूकडे पाहावे तसे पाहतो. हे पाहणे निरुपद्रवी नाही, हेच या लेखात मांडावयाचे आहे.

तेजीचे देणे

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तोवर अमेरिकेच्या दक्षिणेकडून, गुलामांच्या हातांनी वेचलेला, येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्रज गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत भाव गगनाला भिडले, सट्ट्याला ऊत आला. नागपूरकडे निघालेला लोहमार्ग वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून टाकला गेला, तो प्रामुख्याने याच कापसासाठी. खामगावच्या कापूस बाजाराकरिता तर १८७० मध्ये जलंबपासून स्वतंत्र फाटा काढण्यात आला.

१८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकन कापूस पुन्हा लिव्हरपूलला पोहोचू लागला आणि मुंबईचा बाजार कोसळला. मुंबईच्या शेटजींचे दिवाळे निघाले, ही कथा इतिहासाच्या पुस्तकांत रंगवून सांगितली जाते. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेल्या कुणब्याचे काय झाले, ते त्या पुस्तकांच्या तळटिपांतही क्वचितच आढळते. १८७५ साली पुणे-नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हा त्यामागच्या कर्जबाजारीपणाचा शोध घेताना सरकारी चौकशी मंडळालाही या तेजी-मंदीची दखल घ्यावी लागली. वऱ्हाडात जमिनीवर कापूस पसरत गेला आणि ज्वारीवर अवलंबून असलेले पोट बाजारावर अवलंबून राहू लागले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने त्या अवलंबनाची किंमत वसूल केली.

अमेरिकेतील युद्ध आपण पेटविले नव्हते आणि विझविलेही नव्हते. तरीही त्याचे देणे वऱ्हाडने फेडले. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी.

उपदेश बाजाराचा, आधार सरकारचा

‘मुक्त बाजारात जो टिकेल तो टिकेल’ हा मंत्र गेली पस्तीस वर्षे आपल्या कास्तकाराच्या कानीकपाळी ओरडला जात आहे. मंत्राचे मूळ पीठ अमेरिका. आता त्या पीठाचा स्वतःचा आचार पाहू.

२००१-०२ च्या हंगामात अमेरिकेच्या सुमारे २५,००० कापूस उत्पादकांना त्यांच्या सरकारने जवळजवळ ३९० कोटी डॉलरचे साहाय्य दिले, असे ऑक्सफॅम या संस्थेने दाखवून दिले. त्यातील मोठा वाटा शेकडो एकरांच्या मोठ्या मालकांकडे गेला, हेही त्याच हिशेबातून दिसले. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ मध्ये अपिलातही अमेरिका हरली. मग अमेरिकेने काय केले? अनुदाने मोडीत काढली? नाही. २०१० मध्ये तिने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर मोजून तंटा मिटविला. आपल्या शेतकऱ्याला अनुदान देता यावे म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्यालाही पैसे देणारे हे सरकार! बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी २००३ पासून हाच आक्रोश केला. परंतु ब्राझीलसारखा उलट दंड ठोकण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. त्यांच्या वाट्याला आश्वासने आली. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेने नवा कायदा करून कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंटवर नेला, हे या कथेचे ताजे प्रकरण.

बियाण्याची कथा याच जातीची. २००२ साली बीटी कपाशीला आपल्याकडे परवानगी मिळाली. तंत्र अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे. गुलाबी बोंडअळीपासून मुक्ती मिळणार, अशी ग्वाही होती. २०१७ च्या हंगामात त्याच गुलाबी बोंडअळीने विदर्भातील बोंडे पोखरली आणि उभ्या पऱ्हाटीत नांगर घालण्याची पाळी कास्तकारांवर आली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस-क्षेत्रातून ही अळी समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तंत्र तेच, अळीही तीच. फरक एवढाच की तेथे बियाण्याच्या जोडीला सरकार आणि उत्पादक यांनी मिळून वर्षानुवर्षे मोहीम चालविली, वंध्य पतंग सोडले, शेताशेतावर पाळत ठेवली. येथे पाकिटे विकली गेली आणि पुढचे सारे कास्तकाराच्या नशिबावर सोडले गेले. अमेरिकेतून बियाणे आयात झाले. त्यामागचे सरकार तेवढे तिकडेच राहिले.

एकोणीस ऑगस्ट

आता २०२५ च्या ऑगस्टकडे वळू. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत उठविले. त्या वेळी वऱ्हाडात कपाशी उभी होती. पेरणी जूनमध्ये झालेली, बियाणे-खतांचा खर्च मातीत गेलेला. पीक बदलण्याचा कोणताही मार्ग शिल्लक नव्हता. २७ ऑगस्टला अमेरिकेचे वाढीव शुल्क लागू होऊन भारतीय मालावरील बोजा ५० टक्क्यांवर गेला. म्हणजे आपली सवलत त्यांच्या मनाला स्पर्शही करू शकली नाही. यावर आपल्या सरकारचे उत्तर काय? दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. शेजाऱ्याने दार लावून घेतले म्हणून आपण आपल्या घराची मागची भिंतही पाडावी, असा हा न्याय होता. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच तर वऱ्हाडात सीतादही करून वेचणीला लागण्याचे आणि दिवाळीच्या, सोसायटीच्या, दुकानदाराच्या देण्यासाठी पहिला कापूस विकण्याचे दिवस!

११ टक्के म्हणजे किती, याचे गणित कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडून दाखवावे. अमेरिकेत रुईचा भाव पौंडाला ६५ सेंट आणि डॉलर साडेसत्त्याऐंशी रुपयांचा धरला, तर किलोला सुमारे १२५ रुपये होतात. त्यावर ११ टक्के म्हणजे पावणेचौदा रुपये. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. म्हणजेच शुल्क उठताच आपल्या क्विंटलमागचे साडेचारशे रुपयांहून अधिक रकमेचे संरक्षण एका अधिसूचनेने नाहीसे झाले. आता याच भावाने ३४ किलो रुईचे ४,२५० रुपये आणि उरलेल्या ६४ किलो सरकीचे, किलोला ३५ रुपये धरले तरी, २,२४० रुपये होतात. बेरीज ६,४९०. जहाजाचे भाडे आणि जिनिंगचा खर्च दोन्ही बाजूंना ठेवून दिले, तरी हा आकडा त्या हंगामासाठी लांब धाग्याला जाहीर झालेल्या ८,११० रुपयांच्या हमीभावाच्या आसपासही पोहोचत नाही. खासगी व्यापारी या दोन आकड्यांपैकी कोणता धरून बोली लावील, हे वेगळे सांगावयास नको.

‘हमीभावाने कापूस महामंडळ घेतेच की!’ असे उत्तर मिळते. २०२५ च्या हंगामात त्यासाठी आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करणे आले. नंतर ओलाव्याची अट आली. १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असला की माल परत. पावसाने झोडपलेल्या वर्षी ही अट म्हणजे नकाराचेच दुसरे नाव ठरते. ज्याच्यापाशी कापूस वाळवून ठेवायला कोठार आहे आणि देणेकऱ्याला थोपविण्याची ऐपत आहे, त्याच्यासाठी हमीभाव आहे. खारपाणपट्ट्यातील चार एकरांच्या कोरडवाहू कास्तकारासाठी गावात आलेला खेडा खरेदीवाला आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली होती. तिच्यात भ्रष्टाचार होता, दिरंगाई होती, चुकारे रखडत. परंतु कापूस विकत घेणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व तिने मान्य केले होते. दोष दुरुस्त करण्याऐवजी, २००२ नंतर खासगी व्यापाराला मोकळीक देऊन ते तत्त्वच मोडीत काढण्यात आले.

गिरणीमालक म्हणतात, स्वस्त रुई मिळाली नाही तर निर्यात बुडेल आणि कामगार बेकार होतील. कामगारांची चिंता आम्हालाही आहे. किंबहुना ती आमचीच आहे. पण तिरुपूरच्या शिलाई कामगाराची रोजी दर्यापूरच्या कास्तकाराच्या खिशातून का काढावी? निर्यातीला आधार हवा असेल तर तो तिजोरीतून, उघडपणे, कामगारांना कामावर ठेवण्याच्या अटीवर द्यावा. एका कष्टकऱ्याला दुसऱ्याच्या अंगावर सोडून स्वतः पंच म्हणून मिरविण्याची ही चाल जुनी आहे. १८६२ च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या सूतगिरणी कामगारांनी ती उधळून लावली होती. कापूस येत नसल्याने गिरण्या बंद, घरात उपासमार. तरीही त्यांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळविला. लिंकनने त्यांना उत्तर लिहिले.

अमेरिका कशी पाहावी

शुल्क उठल्यानंतर बरोबर एका महिन्याने, १९ सप्टेंबर २०२५ ला, अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर केली. त्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या वसाहतींतून किती फोन परदेशी गेले असतील! ती चिंता खोटी नव्हती. तिकडे गेलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या शिक्षणासाठी बापाने शेत गहाण टाकलेले असते. परंतु ज्या घराने त्या बातमीचा शब्दन् शब्द वाचला, त्या घरानेही १९ ऑगस्टची बातमी बाजारभावाच्या पानावर सोडून द्यावी, हे आपल्या मध्यमवर्गाच्या अमेरिका-दर्शनाचे मर्म आहे. अमेरिका म्हणजे एक तर गंमत, नाही तर नोकरी. भाव ठरविणारी सत्ता म्हणून ती त्याला दिसतच नाही.

महाराष्ट्राची दृष्टी नेहमी इतकी अधू नव्हती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव दलित पँथर ठेवले. या सर्वांनी अमेरिकेला आपला प्रश्न विचारला आणि तिच्यातील झगडणाऱ्या माणसांशी नाते जोडले.

ते नाते आजही जोडता येते. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून त्रेचाळीस दिवस अमेरिकेचे संघराज्य सरकार खर्चाच्या मंजुरीअभावी ठप्प होते आणि नोव्हेंबरात सुमारे ४ कोटी २० लाख गरीब अमेरिकनांची अन्नमदत अडली. जगातील सर्वात श्रीमंत देशात दर आठ माणसांमागे एकाला शिधा सरकारकडून घ्यावा लागतो, ही गमतीच्या सदरात न बसणारी बातमी आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेली पिढी अद्याप आपल्यात आहे. तिला त्या रांगेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून आपला रोख अमेरिकन माणसावर नाही. तो त्या देशाच्या धनदांडग्यांवर आहे, आणि त्याहून अधिक, त्यांच्यापुढे वाकणाऱ्या आपल्या राज्यकर्त्यांवर आहे. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूस उत्पादकाला जपते, यात तिचा अपराध नाही. आपले सरकार आपल्याला का जपत नाही, हा प्रश्न दिल्लीला विचारावयाचा आहे.

तो प्रश्न नेमक्या मागण्यांच्या रूपात विचारावा. कपाशी पेरली गेल्यापासून शेवटची वेचणी होईपर्यंत आयात शुल्काला हात लावता येणार नाही, असा कायदा व्हावा. हमीभाव जमिनीच्या खंडासह सर्व खर्च अधिक त्यावर ५० टक्के, या सूत्राने ठरावा. महामंडळाची केंद्रे दिवाळीपूर्वी उघडावीत, ओल्या कापसाला नकार न देता प्रमाणात भाव कापून तो घ्यावा, आणि ॲपवर नोंद नाही म्हणून कोणाची गाडी परत जाऊ नये. बोंडअळीविरुद्ध सरकारी खर्चाने गावनिहाय मोहीम चालावी. परदेशाशी होणाऱ्या कोणत्याही व्यापार करारातील शेतीविषयक कलमे सहीपूर्वी संसदेपुढे आणि राज्यांपुढे ठेवावीत.

कार्यकर्त्यांनी या हंगामात प्रत्येक कापूस बाजाराच्या फाटकावर एक फळा लावावा. त्यावर रोज तीन आकडे लिहावेत: हमीभाव, त्या दिवशीची खासगी बोली आणि न्यूयॉर्कचा भाव रुपयांत. लोक वाचतील आणि हिशेब मागतील. डॉलरच्या नोटेत कापूस किती असतो ही माहिती गमतीची आहे. आपल्या कापसातून किती रुपये कोणी काढून घेतले, ही माहिती चळवळीची आहे.