सोपे गाणे, अवघड सत्य

मराठीत दुर्बोधतेचा वाद जुना आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर तो आरोप झाला, पुढे इतर अनेकांवर झाला. हा आरोप करणाऱ्यांच्या मनात बहुधा एक गृहीतक असते : जे सोपे ते प्रामाणिक आणि जे गुंतागुंतीचे ते पांडित्याचे प्रदर्शन. साहित्याच्या वर्गात हे गृहीतक आता कोणी उघडपणे मांडत नाही. परंतु संगीताविषयी, आणि त्यातही मेटल संगीताविषयी बोलताना भलेभले रसिक ते निःसंकोचपणे वापरतात. ‘वाजवतात फार, सांगत काही नाहीत’ हा शेरा आम्ही अनेकदा ऐकला आहे. ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा ‘मेट्रोपोलिस पार्ट टू : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा १९९९ सालचा अल्बम या शेऱ्याला उत्तर देतो, आणि ते उत्तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ऐकावे असे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम थोडी माहिती. जॉन पेट्रुची (गिटार), जॉन माँग (बेस) आणि माइक पोर्टनॉय (ड्रम) या बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तिघा विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये हा बँड सुरू केला. १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या अल्बममध्ये ‘मेट्रोपोलिस – पार्ट वन’ नावाचे एक गूढ गाणे होते. सात वर्षांनी त्याच गाण्याचा विस्तार म्हणून सुमारे सत्त्याहत्तर मिनिटांची ही कलाकृती आली. तिचे दोन अंक आहेत, नऊ प्रवेश आहेत, बारा गाणी आहेत. गायक जेम्स लाब्री; की-बोर्डवर, या बँडसोबत प्रथमच, जॉर्डन रूडेस. एका कथासूत्रात अल्बम गुंफण्याची परंपरा रॉक संगीतात आधीपासून होती. द हू या बँडचा ‘टॉमी’ (१९६९), पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ (१९७९) आणि मेटलमध्ये क्वीन्सराइकचा ‘ऑपरेशन : माइंडक्राइम’ (१९८८) ही तिची ठळक उदाहरणे.

कथा अशी. निकोलस नावाचा तरुण एका अनाकलनीय अस्वस्थतेपायी संमोहनतज्ज्ञाकडे जातो. संमोहनावस्थेत त्याला व्हिक्टोरिया ही मुलगी दिसते. गतजन्मी आपण तीच होतो आणि १९२८ साली तिचा खून झाला, हे त्याला उमगते. वृत्तपत्रातील बातमीनुसार तिच्या प्रियकराने, ज्युलियनने, तिला गोळी घालून आत्महत्या केली. ही हकिगत सांगणारा साक्षीदार मात्र ज्युलियनचाच भाऊ एडवर्ड आहे, आणि त्याचेही व्हिक्टोरियाशी संबंध होते. अखेरच्या प्रवेशात श्रोत्याला कळते की दोन्ही खून एडवर्डनेच केले.

कथा म्हणून हे मेलोड्रामाच आहे, हे मान्य करण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. गीतांचे शब्द कागदावर मांडून वाचले तर ते सामान्य वाटतात, कोठे कोठे बाळबोधही. ‘मधुमती’ आणि ‘कर्ज’ पाहिलेल्या प्रेक्षकाला पुनर्जन्माचे नावीन्यही वाटणार नाही. तरीही ‘कर्ज’ची (१९८०) आठवण येथे उपयोगी आहे. त्या चित्रपटात नायक गिटारवर एक धून वाजवतो आणि त्याला गतजन्म आठवू लागतो. आठवते ते नायकाला. प्रेक्षक केवळ पाहतो. ड्रीम थिएटरने आठवण्याचे हे काम श्रोत्यावर सोपवले आहे, आणि येथेच रचनेची गुंतागुंत अर्थपूर्ण होऊ लागते.

दुसऱ्या प्रवेशाच्या आरंभी ‘ओव्हर्चर १९२८’ हे केवळ वाद्यांचे गाणे आहे. १९९२ च्या गाण्यातील स्वराकृतीने ते सुरू होते आणि पुढे येणाऱ्या काही सुरावटी एकापाठोपाठ एक मांडते. त्यांचा अर्थ त्या क्षणी आपल्याला ठाऊक नसतो. लगेच येणाऱ्या ‘स्ट्रेंज देजा व्हू’मध्ये त्यांपैकी एका सुरावटीला शब्द मिळतात. ‘हे ठिकाण मी पूर्वी पाहिले आहे’ अशा भावनेने निकोलस गोंधळलेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी श्रोत्यालाही वाटते की हे आपण पूर्वी ऐकले आहे. पूर्वस्मृतीचे वर्णन करण्याऐवजी तिचा अनुभवच येथे घडवला जातो. पुढे ‘होम’मध्ये, सतारीसारख्या ध्वनीच्या पार्श्वभूमीवर, जुन्या गाण्यातील आकृती पुन्हा वर येतात. पहिल्या श्रवणात या गोष्टी निसटतात. तिसऱ्या-चौथ्या श्रवणात त्या सापडू लागतात आणि निकोलसला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत होऊ लागते. अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा आपण कादंबरीच्या तासाला शिकवतो. येथे बातमी खोटी आहे आणि निकोलसही अपुऱ्या ज्ञानावर बोलत आहे. विश्वास ठेवावा असा निवेदक एकच, तो म्हणजे सुरावटींची पुनरावृत्ती.

ज्यावर प्रदर्शनाचा आरोप सर्वाधिक होतो ते ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ आता पाहू. सुमारे सहा मिनिटांच्या या वाद्यरचनेत तालाचे माप शंभराहून अधिक वेळा बदलते. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांवर पोसलेल्या कानाला विषम मात्रांचे भय वाटण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे गायक कितीही दूर भरकटला तरी आवर्तन तेच राहते आणि सम आपल्या जागेवर वाट पाहत असते. येथे आवर्तनच बदलत राहते. समेवर मान डोलवावी तर सम तेथे नसते. मध्येच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळाची आठवण देणारा रॅगटाइम पियानो येतो आणि तसाच नाहीसा होतो. ही रचना नाट्यात कोठे आहे ते पाहावे. दोन भावांत ओढली गेलेली व्हिक्टोरिया आणि वर्तमानापासून सुटत चाललेला निकोलस यांची ओळख करून देणाऱ्या ‘होम’नंतर ती लगेच येते. काळाचा आधार सुटलेल्या मनाला स्थिर ताल कोठून मिळणार? आरोपाला या गाण्यापुरते हे आमचे उत्तर. मात्र तो आरोप सर्वत्र खोटा आहे असेही नाही. चौथ्या प्रवेशातील ‘बियाँड धिस लाइफ’ अकरा मिनिटांहून अधिक चालते, आणि बातमी सांगून झाल्यावरचे त्यातील लांबलचक वादन कथेला वा स्मृतीला काहीही देत नाही. तेथे बोटे धावतात आणि नाटक थांबते. गुंतागुंतीचा बचाव करणाऱ्याने निरर्थक गुंतागुंत दाखवून देण्याचे कर्तव्यही पार पाडले पाहिजे.

आमचा खरा मुद्दा मात्र आठव्या प्रवेशाशी निगडित आहे. ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ हे या अल्बममधील सर्वांत सोपे गाणे आहे. संथ लय, सरळ चाल, शेवटाकडे गॉस्पेल पद्धतीचे समूहगान. मृत्यू हा अंत नाही, या दिलाशात निकोलसचे मन शांत होते आणि आपलेही. मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मांडले. त्या भाषेत सांगायचे तर एवढ्या विरोधानंतर येथे समतोल साधला असे वाटते. कोणताही सामान्य अल्बम येथे संपला असता.

परंतु नववा प्रवेश शिल्लक असतो. अल्बमच्या आरंभी संमोहनतज्ज्ञाने निकोलसला आश्वासन दिलेले असते की परत यावेसे वाटले तर फक्त डोळे उघडायचे. म्हणजे डोळे उघडणे ही सुरक्षिततेची हमी होती. ‘फायनली फ्री’मध्ये खुनाच्या क्षणी एडवर्ड व्हिक्टोरियाला डोळे उघडायला सांगतो. शेवटी निकोलस घरी परततो आणि त्याच्या मागोमाग आलेला संमोहनतज्ज्ञ त्यालाही तेच सांगतो. निकोलस दचकतो आणि उरते ती केवळ खरखर. एडवर्डही पुन्हा जन्माला आला आहे, हे कोणी स्पष्ट करून सांगत नाही. एकच साधी आज्ञा तीन ठिकाणी ऐकलेला श्रोता ते स्वतः जाणतो. त्याच क्षणी आठव्या प्रवेशातील दिलासा मागे जाऊन बदलतो. आत्मा चिरंतन असेल तर खुन्याचाही आत्मा चिरंतन आहे, ही गोष्ट त्या गोड गाण्याने आपल्यापासून लपवली होती. तेथे सोपेपणाने आपल्याला फसवले. सत्य त्या तुटक, अवघड, पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागणाऱ्या भागांत होते. ती खरखर पुढच्या, २००२ च्या अल्बमच्या आरंभी पुन्हा ऐकू येते. जणू प्रश्न मिटलेलाच नाही.

आज गाणी सुटी ऐकण्याची सवय सर्वत्र रुजली आहे. ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ एकटे ऐकणाऱ्याला सांत्वनाचे एक सुंदर गाणे मिळते आणि अल्बमचा जो आशय आहे त्याच्या नेमका उलटा आशय मिळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांचे तरी दुसरे काय होते? कादंबरीतून सुबोध, सुभाषितवजा पान निवडून घ्यायचे, ते पान पुढे लेखकाने कसे उलटवले याचा पत्ता लागू द्यायचा नाही आणि वर ‘लेखकाचा संदेश स्पष्ट करा’ असा प्रश्न घालायचा, हा उद्योग आपल्या परिचयाचा आहे. विद्यार्थ्याला अवघड भाग झेपणार नाही या सहानुभूतीतून तो होतो, हे खरे. पण त्या सहानुभूतीची किंमत विद्यार्थीच मोजतो.

म्हणून या अल्बमचा आस्वाद घेऊ इच्छिणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : पहिल्यांदा ऐकताना कथा शोधू नये, तालाची मापे मोजू नयेत, सलग ऐकावा आणि चार दिवस सोडून द्यावा. दुसऱ्यांदा गीते समोर ठेवून ऐकावा. तिसऱ्यांदा केवळ ‘हे मी कोठे ऐकले आहे?’ हा एकच प्रश्न घेऊन बसावे. सर्व मिळून चार तासही लागणार नाहीत. एखादी कादंबरी नीट वाचायला आपण याहून अधिक वेळ देतो, आणि दिला पाहिजे असे विद्यार्थ्यांना सांगतोही.