सामाईक वहीचा न्याय

न्यायशास्त्राच्या आरंभींच विद्यार्थ्याला व्यक्ति आणि जाति यांचा भेद सांगतात. हा घट, तो घट या व्यक्ति; घटत्व हें सामान्य. घट फुटला तरी घटत्व पालटत नाहीं, म्हणूनच तें हजारों घटांच्या ठायीं निर्वेधपणें नांदतें.

संगणकाच्या भाषांतहि असाच विभाग आढळतो. तेथें जातीला ‘क्लास’ म्हणजे वर्ग म्हणतात. कांहीं माहिती प्रत्येक वस्तूची स्वतःची, तर कांहीं सबंध वर्गाची असते. मात्र तेथील हें सामान्य नित्य नसतें. काम चालू असतांना तें बदलतां येतें. एकाच संगणकांत अनेक कारागीर (त्यांस ‘थ्रेड’ म्हणतात) एकदम राबूं लागले, कीं घोटाळ्यास येथूनच आरंभ होतो.

घोडपदेवच्या चाळींतील एखादें एकत्र कुटुंब घ्या. फडताळांत घरखर्चाची पेटी व एकच सामाईक वही आहे. शिल्लक ५०० रुपये. थोरल्या बंधूंनीं वही वाचली, २०० रुपये घेऊन ते बाजारांत गेले. तेवढ्यांत धाकट्यानेंहि ५०० हाच आंकडा वाचून १०० रुपये नेले. थोरल्यांनीं परत येऊन ३०० लिहिले. मागाहून धाकट्यानें ते खोडून ४०० लिहिले. वहींत ४००, पेटींत २००! दोघांचीहि वजाबाकी बरोबर, दोघेहि प्रामाणिक. दोष आहे तो वाचणें आणि लिहिणें यांमधील फटींत. संगणकांत ही फट निमिषाहूनहि सूक्ष्म असते. शंभर वेळां कांहीं बिघडत नाहीं, आणि एखादे वेळीं अचानक बिघडतें.

येथें हानि पैशांचीच होते असें नाहीं. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयामुळें किरणोपचार हा शब्द या भागांतील घरांना परका नाहीं. अशाच उपचाराच्या ‘थेराक-२५’ नामक यंत्रानें अमेरिका व कॅनडा येथें १९८५ ते १९८७ या काळांत सहा रोग्यांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले. त्यांतील कांहीं दगावले. कारणें अनेक होतीं. त्यांत एक हें, कीं आज्ञावलींतील निरनिराळीं कामें एकाच सामाईक माहितीवर निर्बंधावांचून चालत. चालकानें भराभर दुरुस्ती केली, तर ती एका कामाला कळे आणि दुसऱ्याला कळत नसे.

यावर उपाय तीन. पहिला कुलपाचा: वाचण्यापासून लिहीपर्यंत वही एकाच्याच हातीं असावी. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. परंतु कुलुपें दोन झालीं, आणि एकेक किल्ली धरून दोघे परस्परांची वाट पाहूं लागले, तर सारेंच काम थांबतें. दुसरा उपाय कारभाऱ्याचा: वही एकाच्याच ताब्यांत, इतरांनीं चिठ्ठी पाठवावी. तिसरा, जें बदलावयाचें नाहीं तें कायमचें मोहोरबंद करून मग सर्वांपुढें ठेवावें.

जपानचे मात्सुमोतो यांनीं निर्मिलेल्या ‘रूबी’ भाषेंत दुसरा व तिसरा उपाय एकत्र आले आहेत. २५ डिसेंबर २०२० रोजीं निघालेल्या तिच्या ३.० या आवृत्तींत सासादा यांची ‘रॅक्टर’ ही योजना आली. तिच्यांत मुख्य कारागिराखेरीज इतरांस वर्गाची माहिती बदलतां येत नाहीं; वाचावयाची तीहि अंतर्बाह्य गोठविलेली असावी लागते. बाकीचा व्यवहार निरोपानें. सामान्याला पुन्हां नित्यत्व दिलें, असेंच नैयायिक म्हणेल.

आज पुष्कळ घरांतील मुलगे, मुली, सुना या विद्येवर चरितार्थ चालवितात. त्यांनीं कोणतीहि गोष्ट सामाईक करण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: ही सर्वांची असणें जरूर आहे काय? आणि ती बदलणें जरूर आहे काय? दोहोंचें उत्तर ‘होय’ आलें, तर वही कोणाच्या हातीं राहील, हें काम सुरू होण्यापूर्वींच ठरवावें.